मोटर न्यूरॉन डिसीजचे निदान आणि स्नायूंची सोनोग्राफी : एक खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मोटर न्यूरॉन डिसीजच्या निदानासाठी शासकीय रुग्णालयांत स्नायूंची सोनोग्राफी सुरू करण्याबाबत



मोटर न्यूरॉन डिसीज या आजारात शरीराची हालचाल घडवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. या पेशींचे दोन थर असतात. वरच्या थरातल्या पेशी मेंदूत असतात आणि त्यांचे तंतू खालच्या थरापर्यंत उतरतात. खालच्या थरातल्या पेशी मेंदूच्या देठात आणि मज्जारज्जूत असतात. त्यांचे तंतू थेट स्नायूंना जाऊन मिळतात. वरच्या पेशी निकामी झाल्या की हातपाय ताठरतात आणि गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय वाजवीपेक्षा जोराने उडतो. खालच्या पेशी निकामी झाल्या की स्नायूंतली ताकद जाते, ते वाळतात आणि आपोआप फडफडू लागतात. दोन्ही थर बाधित झाले की त्या प्रकाराला एएलएस म्हणतात, आणि या आजाराचे बहुतेक रुग्ण याच प्रकारात मोडतात. फ्रेंच चेतारोगतज्ज्ञ ज्याँ-मार्तां शार्को यांनी १८६९ च्या सुमारास त्याचे सविस्तर वर्णन केले.

युरोपातल्या आकडेवारीनुसार लाख लोकसंख्येमागे दरवर्षी साधारण दोन नवे रुग्ण आढळतात. पहिल्या लक्षणानंतर बहुतेक रुग्ण दोन ते चार वर्षे जगतात आणि मृत्यू बहुधा श्वासाचे स्नायू थकल्याने होतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तीस वर्षांतल्या १,१५३ रुग्णांचा आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय सुमारे ४६ वर्षे आढळले, म्हणजे पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा जवळपास दहा वर्षांनी कमी. घर ज्या वयातल्या कमाईवर चालते, नेमक्या त्याच वयात हा आजार गाठतो.

सुरुवात मात्र अगदी किरकोळ वाटते. शर्टाचे बटण लागत नाही, चालताना एका पायातली चप्पल निसटते, जेवताना ठसका लागतो, बोलणे जड होते. घरच्यांना आधी लकव्याची शंका येते, मग कोणीतरी ‘नस दबली आहे’ असे सांगते. मानेचा एमआरआय काढला तर पन्नाशीच्या माणसाच्या मणक्यांत थोडीफार झीज दिसतेच, आणि सगळे खापर तिच्यावर फुटते. काहींची मणक्याची शस्त्रक्रियाही होऊन जाते आणि अशक्तपणा वाढतच राहतो. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत पहिल्या लक्षणापासून पक्क्या निदानापर्यंत सरासरी वर्षभराचा काळ गेलेला दिसतो. दोन-चार वर्षांच्या उरलेल्या आयुष्यातले ते एक वर्ष असते.

निदान लवकर झाल्याने आजार बरा होत नाही, पण बरेच काही करता येते. अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळालेले रिलुझोल हे औषध आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. रात्री मास्क लावून दिलेला श्वासाचा आधार बऱ्याच रुग्णांचा काळ आणि झोप दोन्ही सुधारतो. पोटातून अन्न देण्याची नळी बसवायची असेल तर ती श्वास खालावण्याआधी बसवणे सुरक्षित असते. विमा, नोकरी, घराची रचना, मुलांचे शिक्षण याबद्दलचे निर्णय रुग्णाला स्वतः घेता येतात.

उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडते. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी या विकारात हात असाच दुबळा होत जातो, पण इम्युनोग्लोब्युलिनच्या उपचाराने तो सुधारतो. हिरायामा आजार किंवा मोनोमेलिक अमायोट्रोफी भारतात आणि जपानमध्ये तरुण मुलांत दिसते. एकच हात वाळतो, काही वर्षे आजार वाढतो आणि मग बहुतेकांत तो आपोआप थांबतो. तरुण वयात सुरू होणारा, बहिरेपणासह येणारा आणि संथ चालणारा मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज हा वेगळा प्रकार तर दक्षिण भारतातच प्रथम ओळखला गेला. अशा रुग्णांना एएलएस झाल्याचे सांगणे म्हणजे नसलेली शिक्षा सुनावणे. निदानाची चाचणी म्हणूनच लवकर हवी आणि नेमकीही हवी.

या आजारावर शिक्कामोर्तब करणारी रक्ताची एकही तपासणी नित्याच्या वापरात नाही. निदान उभे राहते ते डॉक्टरांच्या तपासणीवर, आजाराच्या वाढत्या क्रमावर आणि इतर कारणे बाद करण्यावर. त्यासाठीचे निकषही वेळोवेळी बदलत आले आहेत. १९९४ चे एल एस्कोरियल निकष इतके काटेकोर होते की कित्येक रुग्ण त्यांत पुरते बसण्याआधीच दगावत. २००६ मध्ये जपानमधल्या आवाजी येथे झालेल्या बैठकीत ठरले की स्नायू चेतादोषाने जुनाट बाधित असल्याचे दिसत असेल, तर त्यातली फडफडही चालू ऱ्हासाचा पुरावा मानावी. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट येथे तज्ज्ञांनी निकष आणखी सुटसुटीत केले. शरीराच्या एका भागात वरच्या आणि खालच्या दोन्ही पेशींच्या बिघाडाचा, किंवा किमान दोन भागांत खालच्या पेशींच्या बिघाडाचा पुरावा असावा, आजार वाढत जाणारा असावा आणि दुसरे कारण सापडू नये, एवढी ती अट आहे.

खालच्या पेशींच्या बिघाडाचा पुरावा आजवर मुख्यतः ईएमजीने गोळा केला जातो. त्यात बारीक सुई स्नायूत टोचून त्याचे विद्युत संकेत ऐकतात आणि पडद्यावर पाहतात. ही तपासणी अत्यंत मोलाची आहे, पण तिच्या मर्यादा उघड आहेत. सुईचे टोक काही मिलिमीटरच्या परिसरातलेच संकेत टिपते. प्रत्येक स्नायूत ती अनेकदा हलवावी लागते आणि ते दुखते. जिभेसारखा स्नायू सुई टोचलेली असताना सैल सोडणे बहुतेकांना जमत नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर खोलवरच्या स्नायूंत सुई घालताना विचार करावा लागतो. आठ-दहा स्नायू तपासायचे म्हटले की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही थकतात.

इथे स्नायूंची सोनोग्राफी उपयोगी पडते. तिची सुरुवात लहान मुलांच्या स्नायूविकारांपासून झाली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात जॉन हेकमॅट, व्हिक्टर डुबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले की आजारी स्नायू सोनोग्राफीच्या पडद्यावर नेहमीपेक्षा उजळ दिसतो. हेकमॅट यांच्या नावाची चार पायऱ्यांची श्रेणी आजही वापरात आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या फ्रान्सिस वॉकर आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीत दिसणारी फडफड ईएमजीशी ताडून पाहिली. नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या संशोधकांनी पुढे स्नायूची उजळी संगणकावर मोजण्याची पद्धत पक्की केली.

तपासणी कशी होते हे दंडाच्या बायसेप्स स्नायूवर चांगले कळते. रुग्ण पाठीवर निजतो, हात सैल सोडतो. त्वचेवर जेल लावून सपाट तोंडाचा, उच्च वारंवारतेचा लिनिअर प्रोब दंडावर आडवा धरला जातो. तो त्वचेशी काटकोनात असावा लागतो, कारण थोडा कलला तरी निरोगी स्नायू काळवंडतो. तो दाबूनही चालत नाही, कारण दाबाने स्नायू चपटा होतो आणि जाडीचे माप चुकते. पडद्यावर सर्वांत वर त्वचा, तिच्याखाली चरबीचा पट्टा, मग स्नायूच्या आवरणाची झळझळीत रेघ दिसते. निरोगी स्नायू त्याखाली बहुतांश काळा असतो आणि त्यात पांढरे ठिपके व बारीक रेषा विखुरलेल्या असतात. तळाशी हाडाची स्वच्छ, पांढरी कमान असते.

एएलएसच्या रुग्णाच्या दंडात हे चित्र बदलते. स्नायू बारीक झालेला असतो. मेलेल्या तंतूंच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती भरल्याने तो करडा-पांढरा दिसतो. हा बदल सगळीकडे सारखा नसतो. कसर लागलेल्या कापडासारखी काळ्या-पांढऱ्याची सरमिसळ दिसते. आजार फार वाढलेला असेल तर लहरी वरच अडतात आणि हाडाची रेघ पुसट होते.

यानंतर प्रोब न हलवता नुसते पाहत राहायचे असते. एका स्नायूवर दहा सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत, गरज पडल्यास त्याहून जास्त वेळ. स्थिर चित्रात अचानक एखाद्या कोपऱ्यातला स्नायूचा पुंजका आकसतो आणि क्षणार्धात पूर्वपदावर येतो. थोड्या वेळाने दुसरीकडे तसेच होते. हीच फडफड, डॉक्टरी भाषेत फॅसिक्युलेशन. एका चेतापेशीच्या ताब्यातले सगळे तंतू एकदम आकसतात म्हणून ती डोळ्यांना दिसते. नाडीच्या ठोक्याने होणारी हालचाल नियमित असते आणि श्वासाची संथ असते, तर फडफड अनियमित आणि झटक्याची असते. जाड चरबीखालच्या ज्या स्नायूंत ती बाहेरून कधीच दिसत नाही, तिथेही सोनोग्राफी ती पकडते. स्नायूचा अख्खा छेद एकाच वेळी नजरेसमोर असल्याने सुईच्या मानाने संधी कितीतरी जास्त मिळते.

जपानमधल्या चिबा विद्यापीठाच्या सोनोको मिसावा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. एएलएसच्या रुग्णांत बायसेप्समध्ये सोनोग्राफीने ८८ टक्क्यांत फडफड दिसली, ईएमजीने ६० टक्क्यांत. नडगीलगतच्या टिबिॲलिस अँटेरियरमध्ये हे प्रमाण ८३ आणि ४५ टक्के होते. जिभेत ईएमजीला फडफड एकाही रुग्णात सापडली नाही, सोनोग्राफीला मात्र ६० टक्क्यांत सापडली. जिभेची सोनोग्राफी हनुवटीखाली प्रोब ठेवून, तोंड मिटलेले असताना होते. रुग्णाला काहीही सहन करावे लागत नाही. बोलण्या-गिळण्यापासून आजार सुरू झालेल्यांसाठी हा फार मोठा फायदा आहे.

एकाच स्नायूत फडफड दिसली म्हणून निदान होत नाही. जागरण, व्यायाम किंवा जास्त कॉफीनंतर निरोगी माणसाची पोटरीही फडफडते, आणि काहींना हा निरुपद्रवी त्रास वर्षानुवर्षे असतो. अशा माणसाच्या स्नायूची जाडी आणि रंग मात्र नेहमीसारखाच असतो, शिवाय फडफड बहुधा पायांपुरती राहते. एएलएसमध्ये ती दंड, हाताचा पंजा, मांडी, नडगी, पाठ, पोट, जीभ अशी ठिकठिकाणी पसरलेली आणि स्नायूंच्या ऱ्हासासोबत आढळते. म्हणून तपासणी दोन्ही बाजूंच्या, वेगवेगळ्या भागांतल्या स्नायूंची करायची असते. हाताच्या पंजात आणखी एक खूण सापडते. अंगठ्याच्या बाजूचे स्नायू करंगळीच्या बाजूच्या स्नायूंपेक्षा जास्त वाळलेले असतात, आणि ही तफावत सोनोग्राफीत मिलिमीटरमध्ये मोजता येते.

तोच प्रोब इतर शंकाही दूर करू शकतो. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथीत दंडातली किंवा मानेजवळची नस जागोजागी जाड झालेली दिसते; एएलएसमध्ये ती नेहमीइतकी किंवा थोडी बारीक असते. इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस या उतारवयातल्या स्नायूविकाराची एएलएसशी गल्लत होते. त्यात कोपराखालच्या हातात बोटे मिटवणारा खोलातला स्नायू पांढराफटक आणि त्याच्या शेजारचा मनगट वाकवणारा स्नायू जवळपास निरोगी दिसतो. बरगड्यांच्या मधून प्रोब लावला तर श्वासपटलाची जाडी मोजता येते. श्वास घेताना ते पुरेसे जाड होत नसेल तर श्वासाच्या आधाराची वेळ जवळ आली, असे समजते. ओठ घट्ट मिटता येत नसल्याने ज्यांना फुंकून करायची श्वासचाचणी नीट देता येत नाही, त्यांच्यासाठी हे माप विशेष कामाचे आहे.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. सोनोग्राफीला खालच्या पेशींचा परिणाम दिसतो. वरच्या पेशींचा बिघाड तिच्या आवाक्याबाहेर आहे. तो डॉक्टरांच्या हातोडीने आणि तळपाय खाजवून पाहिल्यानेच कळतो. फक्त वरच्या पेशी बाधित असलेल्या रुग्णाची सोनोग्राफी स्वच्छ येऊ शकते. एकेका तंतूची सूक्ष्म थरथर, जी ईएमजीत चालू ऱ्हासाची खूण मानली जाते, नेहमीच्या यंत्रावर भरवशाने दिसत नाही. वाढत्या वयात निरोगी स्नायूही थोडा उजळ होतो. यंत्र बदलले किंवा त्यातला संकेत वाढवणारा ‘गेन’ बदलला की उजळीही बदलते. म्हणून एका यंत्रावरचे आकडे दुसऱ्याला लागू होत नाहीत. नायमेगेनच्या २०१२ मधल्या अभ्यासात या तपासणीने एएलएसचे ९६ टक्के रुग्ण ओळखले, पण एएलएस नसलेल्यांना वगळण्याचे प्रमाण ८४ टक्के होते. याचा अर्थ, केवळ सोनोग्राफीच्या जोरावर कोणालाही हा आजार झाल्याचे सांगू नये. ईएमजी आणि नसांची वहन चाचणी राहिलीच पाहिजे. कोणत्या स्नायूत सुई घालायची हे सोनोग्राफीने आधी ठरवले, तर टोचण्या कमी होतात आणि पुरावा लवकर मिळतो.

महाराष्ट्रात ही तपासणी रुजवताना कायद्याचा प्रश्न टाळता येणार नाही. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा याच राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ पासून तो अधिक कडक झाला. तरीही राज्यातले शून्य ते सहा वयोगटातले मुलींचे प्रमाण २००१ च्या जनगणनेतील हजार मुलांमागे ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरले. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि जागेची नोंदणी हवीच. तिच्यात सूट मागण्याचे कारण नाही. अडचण वेगळी आहे. प्रोब बदलला की स्नायू पाहणारे यंत्र गर्भही पाहू शकते, म्हणून कायद्याच्या नजरेत दोन्ही एकच. सुटसुटीत, हलते यंत्र नोंदणीकृत जागेत प्रामुख्याने दाखल रुग्णांसाठीच वापरण्याचे बंधन आहे, तर मोटर न्यूरॉन डिसीजचे रुग्ण बहुतेक बाह्यरुग्ण विभागात येतात. परिणामी न्यूरॉलॉजीचे डॉक्टर या तपासणीच्या वाटेला जात नाहीत. रेडिओलॉजीकडे यंत्रे आहेत, पण तिथे पोट, गर्भ आणि रक्तवाहिन्यांच्या रुग्णांची रांग असते आणि स्नायूची फडफड अर्धा मिनिट पाहत बसण्याची पद्धत नाही.

हा पेच नवीन खरेदीशिवाय सुटू शकतो. जे. जे. रुग्णालय, ससून, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी रेडिओलॉजी विभागातल्या नोंदणीकृत यंत्रावर आठवड्यातला एक ठराविक वेळ स्नायू आणि नसांच्या तपासणीसाठी राखून ठेवता येईल. त्या वेळी रेडिओलॉजिस्ट आणि न्यूरॉलॉजिस्ट एकत्र बसतील. एकाला यंत्र कळते, दुसऱ्याला रुग्ण. कोणते स्नायू, किती सेकंद, कोणती सेटिंग आणि अहवालात काय लिहायचे, याची एकच कार्यपद्धती सर्व महाविद्यालयांसाठी ठरवावी. प्रत्येक यंत्रावर वयोगटानुसार निरोगी स्वयंसेवकांची मापे घ्यावीत. परदेशी तक्त्यांवर विसंबून चालणार नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत न्यूरॉलॉजी आणि रेडिओलॉजीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणात ही तपासणी घालता येईल.

कायद्याबाबत दोन गोष्टी शासनाच्या हाती आहेत. नोंदणीकृत केंद्रात स्नायू आणि नसांची सोनोग्राफी कोणी, कशी करावी आणि तिची नोंद कशी ठेवावी, याचे स्पष्ट परिपत्रक जिल्ह्यांतल्या समुचित प्राधिकाऱ्यांना पाठवावे, म्हणजे डॉक्टरांच्या मनातली धास्ती जाईल. आणि फक्त लिनिअर प्रोब चालणारे, दुसरा प्रोब जोडताच येणार नाही असे यंत्र न्यूरॉलॉजीच्या बाह्यरुग्ण विभागात वापरू द्यावे का, हा प्रश्न केंद्राकडे मांडावा. मुलींच्या जन्माचे रक्षण करणाऱ्या कायद्याला धक्का न लावता हे करता येण्यासारखे आहे.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर या तपासणीत सुई नाही, किरणोत्सर्ग नाही आणि अर्ध्या-पाऊण तासात दहा-बारा स्नायू पाहून होतात. यंत्रे रुग्णालयांत आहेत आणि तज्ज्ञही आहेत. वर्षभर या दारातून त्या दारात फिरणाऱ्या रुग्णांसाठी आठवड्यातले दोन तास राखून ठेवण्याचा आदेश दोन्ही विभागांनी मिळून काढावा, ही विनंती.